सप्टेंबरचा तक्ता कसा वाचायचा

२०१८ च्या सप्टेंबरात एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, तीन आठवडे झाले होते आणि पासिंग यार्डांच्या, म्हणजे पासने संघ किती यार्ड पुढे गेला त्याच्या, तक्त्यात सगळ्यात वर नाव होतं रायन फिट्झपॅट्रिकचं. टॅम्पा बे बकनीअर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा गडी, हार्वर्डमध्ये शिकलेला, भरघोस दाढीचा, तोवर बरेच संघ फिरून आलेला. पहिल्या सामन्यात ४१७ यार्ड, दुसऱ्यात ४०२, तिसऱ्यात ४११. ओळीने तीन सामने चारशेच्या वर नेणारा एनएफएलच्या इतिहासातला तो पहिलाच. बेरीज १,२३०. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर २,३६६ यार्ड होते. वर्षाची अर्ध्याहून जास्त कमाई पहिल्या तीन सामन्यांतच होऊन गेली होती.

त्याच तीन आठवड्यांत टचडाउन पासांच्या, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवून गुण देणाऱ्या पासांच्या, तक्त्यात वर होता कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स. १३ टचडाउन, इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेला पास, एकही नाही. आदल्या वर्षी त्याच्या वाट्याला एकच सामना आला होता. पहिल्या तीन सामन्यांत इतके टचडाउन पास आधी कुणी टाकले नव्हते. २०१३ मध्ये पेटन मॅनिंगचे १२ होते. महोम्सचं वर्ष ५० टचडाउन आणि ५,०९७ यार्डांवर संपलं आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

एकाच महिन्यात, एकाच लीगमध्ये दोन माणसं तक्त्याच्या टोकाला होती. एक तिथेच टिकला, दुसरा ऑक्टोबर उजाडायच्या आत बाकावर बसला. हे सप्टेंबरातच ओळखता येतं का? माझ्या मते बऱ्याच अंशी येतं. फक्त नजर आधी जिथे जाते तो रकाना सोडून त्याच्या शेजारचा वाचायचा.

हे सविस्तर लिहायला बसले त्याला कारण माझा भाचा. निपाणीचा पोरगा, इंजिनिअरिंगला बेळगावात आहे, आमच्याकडेच राहतो. मित्रांबरोबर फॅन्टसी खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ करायचा आणि त्यांच्या आकड्यांवर गुण मोजायचे, पैसे न लावता. दर मंगळवारी फोन पुढे धरून विचारतो, "मावशी, ह्याला घेऊ काय? बघ की, एक नंबरला हाय." मी म्हणते, "किती वेळा बॉल मिळाला त्याला, ते सांग आधी." तो म्हणतो, "ते कशाला बघायचं? यार्ड किती झाले ते बघ की." हे आमचं दर सप्टेंबरला चालतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमचा काही माल विस्कॉन्सिनला जातो. तिथल्या माणसांशी सोमवारी संध्याकाळी कॉल असतो, तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असते. कामाचं बोलायच्या आधी ते हटकून रविवारच्या मॅचचं बोलतात. ग्रीन बे पॅकर्स त्यांचा संघ. ग्रीन बे हे आपल्या बेळगावपेक्षा कितीतरी लहान गाव, वस्ती लाखाच्या आसपास, आणि त्या गावाचा स्वतःचा एनएफएल संघ आहे, तोही गावातल्या आणि बाहेरच्या हजारो साध्या भागधारकांच्या मालकीचा. हे ऐकलं तेव्हापासून मी या खेळाकडे ओढले गेले. आकड्यांकडे तर माझा ओढा आधीपासूनच.

वेळाही माझ्या सोयीच्या पडतात. रविवारचे तिकडचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, त्यानंतरचे पहाटे दोनच्या सुमारास. ते मी बघत नाही, सकाळी आकडे वाचते. रविवार रात्रीचा सामना मात्र सोमवारी पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी लागतो. फर्स्ट शिफ्टला निघण्याआधी त्यातला पहिला भाग बघून होतो. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात आणि तोच सामना सातच्या तोंडाशी येतो, मग माझं बघणं बंद. म्हणूनही असेल, पण माझ्यासाठी हा खेळ मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा आहे.

आता तक्त्याबद्दल. एनएफएलमध्ये ३२ संघ आणि २०२१ पासून प्रत्येक संघाला साखळीचे १७ सामने, त्याआधी १६ होते. एवढेच. वर्षभराचं माप सतरा दिवसांत. त्यातले तीन झाले की लोक तक्ता बघून निकाल द्यायला लागतात, याचं मला नवल वाटत नाही. तीन सामने म्हणजे हंगामाचा सहावा हिस्सा. पण तीन सामन्यांत नशीब खूप मावतं.

पासिंग यार्डांचंच घ्या. नवख्या माणसाला वाटतं, चेंडू हवेतून जितका गेला तितके यार्ड. तसं नसतं. क्वार्टरबॅकने पाच यार्डांवर पास दिला, झेलणारा एका गड्याला चुकवून पुढे पंचाहत्तर यार्ड पळाला, तर ऐंशीच्या ऐंशी यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात. एका सामन्यात असे दोन घडले की मधल्या फळीतला माणूस तक्त्याच्या टोकाला जाऊन बसतो. टचडाउनचं तर याहून बेभरवशाचं. चेंडू शेवटच्या रेषेपासून एका यार्डावर आलेला असतो आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे त्या क्षणी ठरतं. ज्याला मिळाला त्याच्या नावावर टचडाउन, आणि साठ यार्ड पळून तिथवर आणणाऱ्याच्या नावावर नुसते साठ यार्ड.

आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, नवं सेटिंग लागलं की ऑपरेटर पहिला पीस घेऊन माझ्याकडे येतो. मी बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, मोजते, मापात असेल तर फर्स्ट पीसवर सही करते. पण त्या एका पीसवरून दिवसभराचा लॉट कसा जाईल हे मी कधी सांगत नाही. सकाळी मशीन थंड असतं. स्पिंडल तापला की माप सरकतं, इन्सर्ट झिजतो, ऑफसेट द्यावा लागतो. म्हणून पहिले चार-पाच पीस मोजताना मी मापाबरोबर मशीनही बघते: टूल कुठलं लावलंय, फिक्श्चर घट्ट बसलंय का, कूलंट नीट पडतंय का. माप त्या पीसचं असतं. बाकीच्या गोष्टी पुढच्या पीसलाही तशाच राहणार असतात. सप्टेंबरचा तक्ता मी असाच वाचते. यार्ड आणि टचडाउन हे माप. त्या माणसाला चेंडू किती वेळा मिळाला, किती पास त्याच्या दिशेने टाकले गेले (यालाच टार्गेट म्हणतात), तो मैदानावर किती वेळ होता, ते मशीन.

फिट्झपॅट्रिककडे असं बघा. त्याची जागा मुळात त्याची नव्हती. टॅम्पा बेचा ठरलेला क्वार्टरबॅक जेमीस विन्स्टन याच्यावर लीगने पहिल्या तीन सामन्यांची बंदी घातली होती, म्हणून हा खेळत होता. चौथ्या आठवड्यात विन्स्टन परत आला. शिकागोविरुद्ध फिट्झपॅट्रिकनेच सुरुवात केली, पण मध्यंतरापर्यंत धावफलक शिकागोच्या बाजूने ३८-३ झाला आणि उत्तरार्धात विन्स्टन उतरला. पुढे वर्षभर दोघांची आलटून पालटून पाळी. वर्षअखेर फिट्झपॅट्रिकचे पास झाले २४६. आणि त्या वर्षी यार्डांत पहिला आला तो पिट्सबर्गचा बेन रॉथलिसबर्गर, ५,१२९ यार्ड. त्याने पास टाकले होते ६७५, लीगमध्ये सगळ्यात जास्त. योगायोग असा की तिसऱ्या आठवड्यात हे दोघे समोरासमोर खेळले होते. फिट्झपॅट्रिकचे ४११ यार्ड झाले, पिट्सबर्गने सामना ३०-२७ ने घेतला. त्या सकाळी सगळ्यांच्या तोंडी दाढीवाल्याचं नाव होतं. ज्याची जागा पक्की होती आणि जो न थांबता पास टाकत होता, तो समोरच्या बाजूला उभा होता.

झेलणाऱ्यांमध्ये माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २०१९ चं. पहिल्याच दिवशी कॅन्सस सिटीच्या सॅमी वॉटकिन्सने १९८ यार्ड आणि तीन टचडाउन केले. त्याच सामन्यात संघाचा मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, टायरीक हिल खांद्याला लागून बाहेर गेला होता. वॉटकिन्सचं वर्ष संपलं ६७३ यार्डांवर, आणि टचडाउन किती? तीनच. ते तिन्ही पहिल्या दिवसाचे. त्यानंतरच्या साखळी सामन्यांत एकही नाही. आणि त्या पहिल्याच आठवड्यात न्यू ऑर्लिअन्सचा मायकेल थॉमस काय करत होता? १० झेल, १२३ यार्ड, टचडाउन शून्य. बातमीत नाव यावं असं काही नाही. पण दहा झेल! चेंडू सारखा त्याच्याकडेच जात होता. वर्षअखेर त्याचे १४९ झेल झाले, एका हंगामातला विक्रम, आणि १,७२५ यार्डांसह तो यार्डांतही पहिला. भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे टार्गेटचा रकाना आधी बघायचा." तेच तर!

बचावाच्या बाजूलाही असंच. क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आत पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा. २०२१ च्या पहिल्या आठवड्यात ॲरिझोनाच्या चॅंडलर जोन्सने टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात ५ सॅक केले. वर्षभराचे झाले साडेदहा. त्याच वर्षी पिट्सबर्गचा टी. जे. वॉट साडेबावीसवर पोचला, मायकेल स्ट्रॅहनच्या २००१ मधल्या विक्रमाच्या बरोबरीला.

मग पहिल्या दिवशी चमकलेले टिकतच नाहीत का? टिकतात की. २०१७ मध्ये करीम हंट नावाच्या पोराने पहिल्याच सामन्यात पळून आणि झेलून मिळून २४६ यार्ड काढले, पदार्पणातला विक्रम, आणि वर्षअखेर १,३२७ यार्डांसह पळण्यात तोच पहिला. २०२३ मध्ये मायामीच्या टुआ टागोवायलोआने पहिल्या दिवशी ४६६ यार्डांचे पास टाकले, त्यातले २१५ टायरीक हिलला. वर्षअखेर टुआ ४,६२४ यार्डांनी पासिंगमध्ये पहिला, हिल १,७९९ यार्डांनी झेलण्यात पहिला. पण या तिघांच्या मागे काय होतं ते बघा. संघाचा सगळा खेळ त्यांच्याभोवती रचलेला होता, कुणाच्या गैरहजेरीत मिळालेली संधी नव्हती. हंटची सुरुवात दुसऱ्याच्या दुखापतीमुळे झाली हे खरं, पण तो दुखावलेला गडी त्या वर्षी परतणार नव्हता.

आणखी एक गोष्ट भाच्याला मी दरवर्षी सांगते: गुणाकार करू नकोस. महोम्सचे तीन सामन्यांत १३ म्हणजे सोळा सामन्यांत ६९, असं त्या वर्षी अनेकांनी मांडलं असेल. झाले ५०. मॅनिंगचे २०१३ मध्ये पहिल्या चार सामन्यांत १६ होते. त्या हिशेबाने वर्षाचे ६४ व्हायला हवेत. झाले ५५, आणि तो आजही विक्रम आहे! इतिहासातलं सगळ्यात मोठं वर्षसुद्धा स्वतःच्या सप्टेंबरच्या हिशेबाला पुरं पडलं नाही. कारण सरळ आहे. तीन-चार सामन्यांनंतर तक्त्याच्या टोकाला जायला कौशल्य लागतंच, पण त्या दिवसांत नशिबानेही हात दिलेला असावा लागतो. कौशल्य पुढच्या आठवड्यात सोबत येतं, नशीब येईलच असं नाही. म्हणून टोकाचा माणूस चांगला असला तरी त्याचा वेग कमी होणारच. तो कमी झाला म्हणून "फॉर्म गेला" असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

शिवाय समोरचे संघही शिकत असतात. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे उन्हाळ्यातला सराव जुलैअखेरपर्यंत बंद होता. हंगाम सुरू झाला आणि कॅरोलायनाच्या कॅम न्यूटनने, अगदी नवख्या पोराने, पहिल्या दोन सामन्यांत ४२२ आणि ४३२ यार्ड काढले. वर्षअखेर त्याचे ४,०५१ झाले, नवख्यासाठी जबरदस्तच. पण पहिल्या दोन सामन्यांचा वेग धरला असता तर साडेसहा हजारांच्याही पुढे जायला हवे होते. समोरच्यांनी त्याच्या चित्रफिती बघितल्या, उत्तरं शोधली. डिसेंबरात हवामानही बदलतं. बफेलो, ग्रीन बे अशा ठिकाणी वारा आणि बर्फ, बोटं गारठलेली, मग पास टाकण्याऐवजी चेंडू पोटाशी धरून पळणं वाढतं.

तक्ता वाचताना एक बारकावा पाचव्या आठवड्याच्या आसपास येतो. तेव्हा संघांना पाळीपाळीने एकेका आठवड्याची सुट्टी सुरू होते. एकाचे पाच सामने झालेले, दुसऱ्याचे चार, आणि तक्ता मात्र दोघांना एकाच रांगेत उभं करतो. तिथून पुढे मी बेरीज बघत नाही, सामन्यामागची सरासरी काढते. सरासरीच्या तक्त्यांना लीगने किमान अटी घातल्या आहेत ते बरं केलं. पासर रेटिंगच्या, म्हणजे पास टाकणाऱ्याला मिळणाऱ्या गुणांच्या, तक्त्यात यायला संघाच्या दर सामन्यामागे १४ पास टाकलेले असावे लागतात. नाहीतर एकच लांब पास टाकून टचडाउन करणारा राखीव गडी कमाल १५८.३ गुण घेऊन वर्षभर वर बसला असता.

दुखापतीचं मात्र माझ्या रकान्यांतून काही कळत नाही, हे भाच्याला मी मान्य केलंय. ७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थीची पहाट. पावणेसहाला ब्राझीलमधल्या साओ पावलोतून सामना सुरू झाला, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. दक्षिण अमेरिकेतला एनएफएलचा पहिलाच सामना. स्वयंपाकघरात मोदकांच्या सारणाची तयारी चाललेली, फोन मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. न्यूयॉर्क जायंट्स सोडून ईगल्सकडे आलेला सेक्वॉन बार्कली तेव्हा पहिल्यांदा नव्या जर्सीत खेळत होता. २४ वेळा चेंडू घेऊन पळाला, १०९ यार्ड, आणि एक झेल धरून तीन टचडाउन. ईगल्स ३४-२९ ने जिंकले. शेवटी पॅकर्सच्या जॉर्डन लव्हचा गुडघा दुखावला आणि सोमवारच्या कॉलवर आमची विस्कॉन्सिनची मंडळी फारच उदास होती.

त्या आठवड्यात पळण्याच्या तक्त्यात पहिला होता ह्यूस्टनचा जो मिक्सन, ३० वेळा पळून १५९ यार्ड. "मावशी, तुझ्या रकान्यातपण हाच एक नंबरला हाय," भाचा म्हणाला, आणि बरोबरच होतं त्याचं. पण पुढच्याच आठवड्यात मिक्सनचा घोटा दुखावला, काही सामने गेले, वर्ष १,०१६ यार्डांवर संपलं. बार्कलीला दर आठवड्याला तेवढाच चेंडू मिळत राहिला, वर्षभरात ३४५ वेळा. तो गेला २,००५ यार्डांवर. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि एक सामना हातात होता, तोही त्याच्या जुन्या संघाविरुद्ध, जायंट्सविरुद्ध.

ईगल्सचे प्रशिक्षक निक सिरिआनी यांनी त्याला त्या सामन्यात खेळवलंच नाही. बाद फेरीतली जागा नक्की झाली होती, त्या सामन्याने काही बदलणार नव्हतं, म्हणून मुख्य खेळाडूंना विश्रांती. भाच्याला अजून ते पटलेलं नाही. "चाळीस वर्षांचा विक्रम, मावशी! एक मॅच खेळवायला काय झालं असतं?" मला मात्र तो निर्णय त्या दिवशीही पटला होता आणि आजही पटतो. ३४५ वेळा अंगावर घेतल्यानंतर त्या पायांना विश्रांती हवीच होती. फेब्रुवारीत ईगल्सनी सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवलं. बेळगावात तेव्हा सोमवारची पहाट होती, आणि भाचा आणि मी दोघेही पाचच्या आधी उठून बसलो होतो.